संगणक आपला, हुकूम कुणाचा?

वकिली सुरू केल्यापासून प्रत्येक पक्षकाराला मी एक गोष्ट न चुकता सांगत आलो आहे. वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या, समजत नसेल तर विचारा, पण सही करून झाल्यावर आमच्याकडे धावत येऊ नका. मध्यंतरी एका मामांना मी हेच सुनावत होतो. ओळखीच्या माणसाच्या शब्दावर विसंबून ते कर्जाला जामीन राहिले होते आणि कागद न वाचताच अंगठा देऊन बसले होते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून टायपिंग करणाऱ्या मुलाने विचारले, "साहेब, हे काहीतरी मान्य आहे का म्हणून विचारतंय. हो म्हणू?" मी मानही न वळवता म्हणालो, "म्हण, आणि काम पुढे घे." मामांनी सहज विचारले, "काय होतं ते, साहेब?"

मला उत्तर देता आले नाही. ते काय होते हे मला माहीत नव्हते आणि त्या मुलालाही नव्हते. परंतु एक करार होऊन गेला होता, त्यातला एक पक्ष मी होतो आणि व्यवसायाने मी वकील होतो.

त्या संध्याकाळी तो मजकूर उघडून बसलो. बारीक टायपातले कायदेशीर इंग्रजी. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला तो पुरता वाचायला दीड तास लागला. सारांश असा की, हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेले नसून फक्त वापरण्याची परवानगी दिलेली आहे. ही परवानगी काढून घेण्याचा हक्क आमचा. अटी बदलण्याचा हक्क आमचा, आणि तुम्ही वापर चालू ठेवलात म्हणजे बदललेल्या अटीही तुम्हाला मान्य आहेत असे समजले जाईल. नुकसान झाल्यास आमची जबाबदारी नाममात्र. असा कागद एखादा सावकार घेऊन आला असता तर पक्षकाराला मी दारातूनच परत पाठवले असते. येथे मात्र मी स्वतः 'हो म्हण' म्हणालो होतो.

हा प्रश्न एका वकिलाच्या टेबलापुरता नाही. आज संगणक झेरॉक्सच्या दुकानात आहे, ग्रामपंचायतीत आहे, अभ्यासिकेत आहे, कॉलेजला जाणाऱ्या पोरीच्या दप्तरात आहे. घेताना आपण पूर्ण पैसे मोजतो, पावती घेतो आणि म्हणतो, संगणक आपला झाला. वास्तविक पाहता पावती मिळते ती पेटीची, पडद्याची आणि कळफलकाची. त्या पेटीत जीव ओतणारी जी कार्यप्रणाली असते, तिचा फक्त परवाना मिळतो. म्हणजे घराच्या भिंती आपल्या, पण दाराची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

किल्ली दुसऱ्याच्या हातात असणे म्हणजे काय, हे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगाने पाहिले. २०१५ साली बाजारात आलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या दिवशी थांबवला. संगणक बंद पडले नाहीत, परंतु सुरक्षेच्या दृष्टीने ज्या दुरुस्त्या वेळोवेळी मोफत येत होत्या त्या थांबल्या. दुरुस्ती न होणारा संगणक इंटरनेटला जोडणे म्हणजे कडी तुटलेले दार रात्री उघडे टाकण्यासारखेच. मग विंडोज ११ घ्या, असे सांगण्यात आले. तीसाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात. साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या कसोटीत बसत नाहीत. म्हणजे जो संगणक पत्र टाईप करतो, जमाखर्च मांडतो, मुलांना धडे दाखवतो, त्याची एकही तार जळालेली नसताना तो जुना ठरला. यंत्र झिजलेले नव्हते, मुदत संपली होती. आणि ती मुदत यंत्राच्या मालकाने ठरवलेली नव्हती.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सुरक्षा दुरुस्त्या आणखी वर्षभर हव्या असतील तर अमेरिकेत ३० डॉलर भरा, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यावर साठवायला मान्यता द्या म्हणजे पैसे पडणार नाहीत, असा पर्याय कंपनीने तेव्हा दिला. पैसे द्या नाहीतर माहिती द्या, असा हा सौदा होता. युरोपातील ग्राहक संघटनांनी त्याला हरकत घेतली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील घरगुती वापरकर्त्यांसाठी ही अट कंपनीने सैल केली. खात्यात लॉगिन करणे तेवढे राहिले, सेटिंग्ज साठवण्याची सक्ती गेली. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच, कंपनी तीच. फरक एवढाच की तेथे कुणीतरी संघटितपणे 'मान्य नाही' म्हटले. म्हणजे या अटी निसर्गनियम नाहीत. माणसांनी लिहिल्या आहेत आणि माणसांनी रेटा दिला की त्या बदलतात.

विकणे आणि वापरू देणे यांतला फरक जगाला पहिल्यांदा टोचला तो जुलै २००९ मध्ये. अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने आपल्या किंडल या वाचनयंत्रावर जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या प्रती विकल्या होत्या. ज्याने ती पुस्तके तेथे टाकली त्याला तसा हक्क नव्हता, हे नंतर कळले. कंपनीने काय करावे? ग्राहकांच्या यंत्रांतून ती पुस्तके परस्पर काढून घेतली आणि पैसे परत केले. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. ती निरुपयोगी झाली म्हणून तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी पुढे जाहीर माफी मागितली. पण प्रश्न माफीचा नाहीच. कागदाचे पुस्तक विकणारा दुकानदार रात्री घरात शिरून पुस्तक घेऊन गेला आणि उशाशी पैसे ठेवून गेला, तर आपण त्याला काय म्हणू?

हा अमेरिकेचा प्रश्न, आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर जुलै २०२५ मधील प्रकरण पाहा. गुजरातमध्ये वाडिनारला प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने या कंपनीला दिलेल्या ईमेलसारख्या सेवा थांबवल्या. भारतातल्या कोणत्याही न्यायालयाचा तसा आदेश नव्हता. पूर्ण पैसे भरून घेतलेले परवाने आमच्याकडे आहेत, असे म्हणत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. नायरावरील निर्बंध योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. हजारो कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीचे टपाल एका कळीने बंद होऊ शकते आणि ते उघडायला उच्च न्यायालयात जावे लागते, तर तालुक्याच्या गावी डीटीपीचे दुकान चालवणाऱ्या पोराने कुणाकडे जायचे?

आता पुन्हा त्या अंगठ्याकडे येऊ. महाराष्ट्राला न वाचलेल्या कागदाचा इतिहास नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. रोखे हिसकावून त्यांनी जाळून टाकले, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्या शेतकऱ्याचे दुखणे नुसत्या व्याजदराचे नव्हते. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कळत नव्हते आणि कोर्ट मात्र म्हणत होते, अंगठा तुझा आहे ना, मग भर. इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्या कायद्यातले एक तत्त्व आजही मोलाचे आहे. न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून निकाल देऊ नये, रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा सगळा इतिहास तपासावा. शेतकऱ्याचे कर्जाचे कागदही सरकारने नेमलेल्या ग्राम निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावेत, अशी तरतूद होती. दोन पक्ष बरोबरीचे नसतील तर नुसती सही म्हणजे संमती नव्हे, हे परक्या सरकारच्या कायद्यालाही दीडशे वर्षांपूर्वी मान्य करावे लागले.

अंगठेबहाद्दर म्हणून हिणवले गेलेल्या आजोबांची नातवंडे शिकली. सही करू लागली. पदव्या घेतल्या. आणि आज मोबाईलच्या काचेवर, संगणकाच्या पडद्यावर, दिवसातून कितीदा तरी न वाचता पुन्हा अंगठाच टेकवत आहेत! फरक एवढाच की आजोबांच्या अंगठ्याला शाई लागत असे. त्यांना निदान कळत तरी होते की आपण काहीतरी लिहून देत आहोत.

कायदा याबाबत मुका आहे का? नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १३ नुसार दोघेही एका गोष्टीवर एकाच अर्थाने सहमत झाले तरच ती संमती, आणि कलम १४ नुसार ती मुक्त असली पाहिजे. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन विरुद्ध ब्रजनाथ गांगुली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्या करारात दुबळ्या पक्षाला ठरलेल्या जागी सही करण्यावाचून गत्यंतर नसते, त्यातली अन्याय्य कलमे न्यायालय उचलून धरणार नाही. तो खटला नोकरीतून काढलेल्या कर्मचाऱ्याचा होता, पण तत्त्व सर्वांसाठी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अन्याय्य करार' ही संकल्पनाच आली. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणे, हे त्यातले एक उदाहरण आहे.

व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये नवे धोरण आणून 'स्वीकारा नाहीतर सोडा' अशी भूमिका घेतली, तेव्हा भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम राहिला, मात्र जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी उठली. म्हणजे निम्मे मिळाले, निम्मे गेले.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीच्या कलमाला कात्री लावली, तो दोष विसरता येणार नाही. पण त्याच्या कलम ६ मध्ये एक शस्त्र आहे. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि संमतीची विनंती सोप्या भाषेत, इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय दिली पाहिजे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे. म्हणजे यापुढे 'मराठीत दाखवा' म्हणणे ही विनवणी नाही, हक्क आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी या कलमांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली. ती मुदत कंपन्यांच्या तयारीसाठी आहे. आपली तयारी काय?

खरी अडचण येथेच आहे. संगणकाशी आपले नाते काय आहे ते तपासून पाहा. एक तर भीती, नाहीतर भक्ती. कचेरीत बाबू म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही', आणि आपण घरी परततो. ती सिस्टीम कुणी बनवली, काय घेत नाही, का घेत नाही, हे विचारत नाही. माणसाने 'देत नाही' म्हटले असते तर भांडलो असतो. दुसरीकडे खंडेनवमीला त्याच संगणकाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली जाते. भीती आणि भक्ती या दोहोंत ज्ञान नसते. आणि ज्ञान नाही तेथे हुकूम दुसऱ्याचा चालतो.

यावर काही मंडळी म्हणतात, हे यंत्रच नको. ती वाट आपली नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला आहे. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणसाला संस्कृतीचे जीवन नाही, ही त्यांची मांडणी होती. यंत्राच्या नावाने जे दुष्परिणाम सांगितले जातात ते यंत्राचे नसून, लाभ मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजव्यवस्थेचे आहेत. तेव्हा यंत्र मोडू नका, व्यवस्था बदला. संगणकाला हे तंतोतंत लागू आहे. दोष चिपमध्ये नाही, कागदात आहे.

आणि दुसऱ्या प्रकारचा कागद लिहिता येतो, हे सिद्ध झालेले आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. या सॉफ्टवेअरलाही परवाना असतो, पण त्यातली अट उलटी असते. वापरा, आतून उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र पुढच्यालाही हेच हक्क द्या. जो कॉपीराईट कायदा इतरत्र कुंपण घालायला वापरला जातो, तोच येथे कुंपण घालू न देण्यासाठी वापरलेला आहे. केरळ सरकारने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून शाळांतले संगणक शिक्षण टप्प्याटप्प्याने याच मार्गाने नेले. ज्या जिल्हा न्यायालयांत आम्ही वकिली करतो, त्यांच्यासाठी ई-कोर्ट प्रकल्पाने उबुंटू लिनक्सच स्वीकारले. न्यायाधीशाच्या टेबलावर जे चालते ते आपल्या टेबलावर का चालू नये?

आपल्याकडे २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लाखो मुलामुलींना संगणकासमोर बसवले, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु आमच्या पिढीने त्यात संगणक म्हणून जे शिकले ते प्रामुख्याने एकाच कंपनीचे विंडोज आणि ऑफिस. गाडी शिकायला गेलो आणि एकाच कंपनीची गाडी शिकून आलो, असे झाले. म्हणून दुसरे काही समोर आले की हात थरथरतो.

हा मार्ग अगदी सोपा आहे असा दावा मी करणार नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेले दावे आणि अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडले की अगम्य अक्षरे दिसतात. ते युनिकोडमध्ये आणावे लागतात. एखादा जुना प्रिंटर किंवा स्कॅनर रुसतो. हिशोबाचे एखादे सॉफ्टवेअर तेथे चालत नाही. शिकायला आठवडा-पंधरा दिवस जातात. पण नवा संगणक घ्यायला जे हजारो रुपये मोजावे लागतात, त्यापुढे पंधरा दिवस काय मोठे?

तेव्हा करायचे काय? पहिले, ज्यांच्या अभ्यासिका, वाचनालये, वसतिगृहे आणि मंडळांत जुने संगणक पडून आहेत त्यांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी इंजिनीअरिंगच्या एखाद्या पोराला बोलवावे आणि एका संगणकावर लिनक्स चढवून पाहावे. मूळ कागदपत्रांची प्रत आधी काढून ठेवावी. दुसरे, नवे काही घेताना दुकानदाराला विचारावे की मी काय विकत घेतो आहे आणि काय फक्त वापरायला घेतो आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला आहे की, डिजिटल वस्तूचा नुसता परवाना देत असाल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगा, त्याविना 'खरेदी' हा शब्द वापरू नका. असा कायदा आपल्याकडे का नसावा? तिसरे, अन्याय्य कराराची तक्रार आज जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगापुढेच करावी लागते. पाचशे रुपयांच्या सॉफ्टवेअरसाठी गडचिरोलीच्या माणसाने राज्य आयोगाची पायरी चढायची, हा हक्क कागदावरच राहणार. जिल्हा आयोगाला तो अधिकार द्या, ही मागणी वकील संघटनांनी आणि ग्राहक चळवळीने लावून धरली पाहिजे. चौथे, संमतीचा मजकूर मराठीत मागावा, आणि मिळाला नाही तर लेखी मागावा.

प्रत्येक अटींचा कागद वाचत बसलो तर दिवसभर दुसरे काम होणार नाही, हे मलाही कळते. एकेकट्याने वाचून हा प्रश्न सुटणारही नाही. सुप्याच्या शेतकऱ्यालाही एकट्याने रोखा वाचता येत नव्हता. तो गावाने मिळून उठला, तेव्हा कायदा बदलला. आपल्याला काही जाळायचे नाही. आपल्या हाती संविधान आहे, न्यायालये आहेत, कायद्याची कलमे आहेत. फक्त 'हो म्हण आणि काम पुढे घे' ही सवय सोडायची आहे. माझ्या टेबलापासून मी ती सोडायला सुरुवात केली आहे. त्या मुलाला सांगून ठेवले आहे, पुन्हा काही मान्य आहे का असे विचारले तर आधी मला हाक मार. मामा पुढच्या तारखेला येतील तेव्हा त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता आले पाहिजे.